माशा मारू नका, माशा बांधा!

"काय, माशा मारत बसलायस का?" हे वाक्य सबमिशनच्या आदल्या आठवड्यात आपल्यापैकी प्रत्येकाने घरी नाहीतर हॉस्टेलवर ऐकलेलं असतं. पण जगात असेही लोक आहेत जे रात्री जेवणं झाल्यावर टेबललॅम्प लावून बसतात आणि माशा मारत नाहीत, तर चक्क माशा बांधतात! पिसं, केस, दोरा आणि एक छोटासा गळ घेऊन ते कीटकासारखी दिसणारी माशी तयार करतात आणि ती पाण्यावर टाकून माशाला फसवतात. इंग्लंड, स्कॉटलंड, अमेरिका इथे हा छंद खूप जुना आहे आणि तिथले लोक तो अगदी मनापासून जोपासतात. त्याला म्हणतात फ्लाय टाइंग. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही, म्हणून मी या लेखात सरळ 'माशी बांधणे' असंच म्हणणार आहे.

माझा मामा हिमाचलमधल्या तीर्थन नदीवर ट्राउट पकडायला (आणि पकडून परत सोडायला) जातो, त्याच्यामुळे हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं. पण हा लेख मासेमारीवर नाही, तो आहे हत्यारांवर. कारण ही हत्यारं पाहिल्यावर मला मासे कमी आणि आपलं वर्कशॉप जास्त आठवलं. जॉब कसा धरायचा, ताण कसा सांभाळायचा, शेवट कसा लॉक करायचा, हे सगळं इथे आहे. फक्त जॉब असतो नखाएवढा!

आधी थोडी ओळख

ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. पाण्यात वाढणारे आणि पाण्यावर उतरणारे छोटे कीटक हे त्याचं आवडतं खाणं. खरा कीटक गळाला लावायला जावं तर तो चिरडतो. म्हणून माणसाने खोटा कीटक बनवायला सुरुवात केली. ही आयडिया किती जुनी आहे? सुमारे अठराशे वर्षांपूर्वी एलियन नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळतात, त्यावर कोंबड्याची दोन पिसं बांधतात आणि मासे पकडतात. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या एका मासेमारीच्या पुस्तकात बारा माशांच्या 'रेसिपी' दिल्या आहेत. आपल्याकडे ट्राउट मूळचा नाही, तो ब्रिटिशांनी आणला. काश्मीरमध्ये १९०० साली स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांपासून सुरुवात झाली आणि पुढे निलगिरी, हिमाचल इथेही तो रुजला. त्याच्या मागोमाग माशाही आल्या.

एक गंमत बघा. साध्या गळाला वजन लावून तो लांब फेकता येतो. माशीला मात्र वजनच नसतं, ती फेकली तर पायाशीच पडेल. म्हणून या प्रकारात वजन असतं ते दोरीत. जाड दोरी चाबकासारखी हवेत फिरवतात आणि माशी तिच्या टोकाला नुसती प्रवास करते. असं दिवसभरात शेकडो वेळा होतं. शिवाय पाण्याचा मार आणि माशाचे दात आहेतच. म्हणजे माशी दिसायला नाजूक हवी, पण बांधणीला मात्र भक्कम हवी. आणि हा भक्कमपणा येतो कुठून? फिक्या रंगाच्या एका बारीक दोऱ्यातून.

सगळा खेळ ताणाचा

माशी बांधताना गाठी जवळजवळ मारतच नाहीत. गळाच्या दांड्यावर दोऱ्याचे वेढे घ्यायचे आणि त्या वेढ्यांखाली पीस, लोकर, केस दाबून टाकायचे, बस. मग ते सुटत का नाही?

उत्तर आपण फर्स्ट इयरला मेकॅनिक्समध्ये शिकलोय. बेल्ट फ्रिक्शन, म्हणजेच कॅपस्टन इक्वेशन! गोल दांड्याभोवती गुंडाळलेल्या दोरीच्या दोन टोकांतल्या ताणाचं गुणोत्तर वेढ्याच्या कोनाबरोबर घातांकाने वाढतं. घर्षणाचा गुणांक ०.२ धरला तर एका वेढ्याला ते साधारण साडेतीन पट होतं आणि पाच वेढ्यांना पाचशे पटीहून जास्त! म्हणजे एका बाजूला थोडासा ताण असला की दुसऱ्या बाजूची जबरदस्त ओढ अडते. बंदरावर जहाजाचा दोर खुंटाला तीन-चार वेढे देऊन एकटा माणूस धरतो तो याच जोरावर. माशीत वेढ्यांवर वेढे येतात, दोरा थोडा ताणला जातो, त्यामुळे हा हिशोब तंतोतंत लागू पडत नाही, पण धडा तोच राहतो.

आता त्याच समीकरणाची दुसरी बाजू बघा. हातातला ताण शून्य झाला तर? पाचशे गुणिले शून्य बरोबर शून्य! क्षणभर दोरा ढिला पडला की सगळे वेढे ढिले. पीस फिरतं, शेपटी वाकडी होते आणि नदीवर दहाव्या फेकीला माशी उलगडते.

माणसाला हात दोन. एका हाताने दोरा ताणून धरला तर उरलेल्या एका हाताने गळ धरायचा, पीस गुंडाळायचं, कात्री चालवायची आणि शेवटी लॉक करायचं... जमणार कसं? माशी बांधायची सगळी हत्यारं या एका प्रश्नाची उत्तरं आहेत. हे लक्षात ठेवलं की कुठलं हत्यार गरजेचं आणि कुठलं नुसतं शोभेचं, ते आपोआप कळतं.

१. व्हाइस

हा सगळ्यांचा राजा. फिटिंग शॉपमधल्या व्हाइसचा अगदी छोटा भाऊ. दोन निमुळते जॉ गळाचा वाकलेला भाग धरतात आणि दांडा हवेत आडवा मोकळा राहतो, म्हणजे त्याच्याभोवती सगळीकडून दोरा फिरवता येतो. जुन्या पद्धतीच्या व्हाइसमध्ये मागचा लिव्हर दाबला की कॅम फिरतो, कॉलेट मागे ओढला जातो आणि जॉ मिटतात. लेथचा कॉलेट चक आठवला ना? तत्त्व तेच. अमेरिकेत इलिनॉयमधल्या एल्जिन गावच्या थॉम्पसनचा 'मॉडेल ए' हा असाच व्हाइस, कितीतरी जणांनी पहिली माशी त्यावर बांधली. दुसऱ्या प्रकारात जॉ स्प्रिंगने कायम मिटलेले असतात आणि लिव्हर दाबला की उघडतात. तिसरा प्रकार म्हणजे रोटरी. त्यात गळाचा दांडा बरोबर फिरण्याच्या अक्षावर येतो आणि लेथवरच्या जॉबसारखा फिरवता येतो. माशीची दुसरी बाजू तपासायला रोटरी छान, पण पहिल्या दिवसापासून तो हवाच असं नाही.

व्हाइस घेताना तीन गोष्टी बघाव्यात. पहिली, पकड. गळ लावून त्याला टिचकी मारा. 'टिंग' असा आवाज यायला हवा आणि दांडा खाली दाबला तर तारेने लवचिकपणा दाखवावा, घसरू नये. दुसरी, जॉचं स्टील. गळ कडक हाय कार्बन स्टीलचा असतो. जॉ त्याहून मऊ असले तर काही दिवसांत त्यांच्यावर चर पडतो, मग मोठे गळ बसतात आणि छोटे निसटतात. तिसरी, पाया. टेबलाला आवळायचा सी-क्लँप किंवा जड बैठक, दोन्ही चालतात. क्लँपवाला घेण्याआधी आपल्या टेबलाची जाडी मोजा!

गळाचे नंबर वायर गेजसारखे उलटे चालतात. नंबर जितका मोठा तितका गळ लहान. ट्राउटसाठी बारा-चौदा नंबर नेहमीचा, बावीस नंबर म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही बारीक. शिकायला दहा किंवा बारा नंबर घ्यावा.

व्हाइसशिवाय माशी बांधताच येत नाही का? येते. पूर्वी सगळे हातातच बांधायचे. अमेरिकेतले प्रसिद्ध मासेमार ली वुल्फ (१९०५–१९९१) शेवटपर्यंत बोटांत गळ धरून अगदी बारीक माशाही बांधत. आणि हो, स्टॅनफर्डला ते इंजिनिअरिंग शिकले होते! पण ते ली वुल्फ होते, आपण नाही.

२. बॉबिन

शिलाई मशीनचं बॉबिन वेगळं, हे वेगळं. दोन तारेचे पाय दोऱ्याचं रीळ चिमटीत धरतात आणि दोरा एका बारीक नळीतून बाहेर येतो. मला विचाराल तर सगळ्या हत्यारांत हुशार हेच आहे. काम करताना ते पेनसारखं हातात धरायचं आणि दुसरं काही करायचं असेल तेव्हा सरळ सोडून द्यायचं. ते गळाखाली लटकत राहतं आणि त्याचं स्वतःचं वजनच दोऱ्याला ताण देतं. म्हणजे हात काढला तरी ताण शून्य होत नाही!

याचं डिझाइन एका वाक्यात सांगता येतं. रिळाचं घर्षण बॉबिनच्या वजनापेक्षा जास्त हवं, नाहीतर लटकताना दोरा सुटत सुटत बॉबिन जमिनीवर जाईल. आणि ते दोऱ्याच्या तुटण्याच्या ताणापेक्षा कमी हवं, नाहीतर ओढल्यावर दोरा सुटण्याआधी तुटेल. या दोन मर्यादांच्या मधे घर्षण आणायचं कसं? बॉबिनचे पाय हाताने थोडे फाकवायचे किंवा थोडे आवळायचे. ना स्क्रू, ना नट!

नळीचं तोंड गुळगुळीत असणं फार महत्त्वाचं. आतली कड खरखरीत असेल तर ती दोरा हळूहळू कातरते आणि माशी पूर्ण होता होता तो तुटतो. कापसाचा पुंजका तोंडावरून फिरवून बघा. तंतू अडकले तर ते बॉबिन नको. चांगल्या बॉबिनला सिरॅमिकची नळी असते, ती कडक असल्यामुळे दोऱ्याने झिजत नाही.

दोरा मोजतात डेनियरमध्ये. ९००० मीटर दोऱ्याचं वजन जितके ग्रॅम तितके डेनियर. नेहमीच्या माशीला ७० डेनियर लागतो, म्हणजे नऊ किलोमीटर दोऱ्याचं वजन फक्त ७० ग्रॅम! शिकताना १४० डेनियर घ्या, तो ओढ सहन करतो.

३. कात्री

बारीक टोकांची, तीक्ष्ण आणि बोटाला मोठी कडी असलेली. मोठी कडी का? कारण सराईत लोक कात्री खाली ठेवतच नाहीत. ती अनामिकेत अडकवून तळहातात धरतात आणि इतर कामं करतात. एका पात्याला बारीक दाते असले तर आणखी चांगलं, केस कापताना ते सटकत नाहीत. एक नियम मात्र पाळाच: टोकांनी तार कापायची नाही. तार पात्याच्या मुळाशी कापावी, किंवा त्यासाठी जुनी कात्री वेगळी ठेवावी. आणि हो, घरातल्या कुणालाही या कात्रीने दुधाची पिशवी कापू देऊ नका!

४. हॅकल प्लायर

हॅकल म्हणजे कोंबड्याच्या मानेचं किंवा पाठीचं लांब, निमुळतं पीस. ते दांड्याभोवती गुंडाळलं की त्याचे तंतू काटकोनात उभे राहतात. कोरड्या माशीला तेच पाण्यावर तरंगत ठेवतात आणि कीटकाचे पायही तेच. पिसाचं टोक बोटांत धरून गुंडाळणं कठीण, म्हणून हा छोटा स्प्रिंगचा चिमटा. साधारण चिमटा दाबल्यावर मिटतो, हा दाबल्यावर उघडतो आणि सोडल्यावर पकडतो. म्हणजे पकड ठेवायला बोटांची ताकद लागत नाही. शिवाय तो पिसासकट लटकत राहू शकतो. इथेही तोच नियम, हात काढला तरी ताण राहिला पाहिजे! त्याच्या कडा धारदार नकोत, नाहीतर पिसाचा दांडा तिथेच तुटतो.

५. व्हिप फिनिशर

माशी झाली, आता दोरा तोडायचा. पण तोडला की ताण गेला! म्हणून शेवट लॉक करावा लागतो. व्हिप फिनिशमध्ये दोऱ्याचा एक फास करून त्याच्याच पाच-सहा वेढ्यांखाली दोऱ्याचं टोक गाडतात आणि मग ओढून घेतात. वर गाठ दिसतच नाही. दोराचं टोक उसवू नये म्हणून खलाशी जे करतात ते हेच आणि क्रिकेटच्या बॅटच्या मुठीवरचा दोरा संपतो तोही असाच.

हे बोटांनीही करता येतं, पण हत्यार असलं तर सोपं. तारेचा एक आकडा, एक बाक आणि फिरणारी मूठ. पहिल्या दहा वेळा ते कोड्यासारखं वाटतं, अकराव्या वेळी हात आपोआप फिरतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या फ्रँक माटारेली यांच्या नावाने ओळखला जाणारा व्हिप फिनिशर जगभर वापरला जातो.

६. बॉडकिन

मूठ लावलेली सुई. दाभणाची धाकटी बहीण म्हणा. गाठीवर सिमेंटचा थेंब ठेवणे, गळाच्या नेढ्यात तो थेंब गेला तर भोक मोकळं करणे, दोऱ्याखाली अडकलेले तंतू उचकून काढणे, अशी शंभर कामं. सिमेंट म्हणजे आपलं सिव्हिलवालं नाही, पातळ वॉर्निश. पारदर्शक नेलपॉलिशही चालतं.

७. हेअर स्टॅकर

हे फक्त केसांच्या माशांसाठी. हरणाच्या जातीच्या प्राण्यांचे केस आतून पोकळ असतात म्हणून ते तरंगतात. ते बांधण्याआधी सगळ्यांची टोकं एका रेषेत आणावी लागतात. नळीत केस टोकं खाली करून टाकायचे आणि टेबलावर ठकठक आपटायचं, झालं! अगरबत्त्यांचा जुडगा आपण टेबलावर आपटून सरळ करतो तसंच.

एक माशी बांधून बघू

ग्रिफिथ्स नॅट ही अगदी साधी माशी. अमेरिकेतल्या ट्राउट अनलिमिटेड या संस्थेच्या संस्थापकांपैकी जॉर्ज ग्रिफिथ यांचं नाव तिला आहे. सामान दोनच: मोरपिसाचे तंतू आणि एक हॅकल.

व्हाइसमध्ये गळ लावा. बॉबिनने नेढ्याच्या थोडं मागून सुरू करून वाकापर्यंत दोऱ्याचा पाया घाला. तिथे हॅकलचं टोक आणि मोरपिसाचे दोन-तीन तंतू बांधा. दोरा पुढे आणून बॉबिन लटकवा. आता तंतू गुंडाळत पुढे आणा, बांधा आणि उरलेले कात्रीने कापा. हॅकल प्लायरने पीस धरून त्या अंगावरून मोकळ्या वेढ्यांनी पुढे आणा, बांधा, कापा. व्हिप फिनिश करा, दोरा तोडा, बॉडकिनने एक थेंब. झाली! मोरपिसाचा तंतू एकटा फार ठिसूळ असतो, म्हणून तो दोऱ्याबरोबर पीळ घालून गुंडाळला तर जास्त टिकतो. आजी देवासाठी वात वळते ना, तसाच हा पीळ.

काय विकत घ्यावं, काय बनवावं

आता खरा प्रश्न, पॉकेटमनीचा. माझं मत सरळ आहे. जिथे ताण निर्माण होतो किंवा धरला जातो तिथे कंजुषी नको. म्हणजे व्हाइसचे जॉ, बॉबिनची नळी आणि कात्रीची धार. बाकीचं वर्कशॉप आणि लॅबच्या कचऱ्यातून होतं. सुई लाकडी दांडीत ठोकली की बॉडकिन. इलेक्ट्रॉनिक्स लॅबची क्रोकोडाइल क्लिप घेऊन तिच्या दातांवर हीट श्रिंक स्लीव्ह चढवली की हॅकल प्लायर. गिटारच्या सर्वांत बारीक तारेचा फास केला की बॉबिनच्या नळीत दोरा ओवायची तार. रिकाम्या बॉलपेनच्या पुढच्या भोकाने अर्धी गाठ मारता येते, ती व्हिप फिनिशइतकी पक्की नाही, पण दोन-तीन मारून वर थेंब ठेवला तर चालते. आणि स्टॅकर तर लेथवरचा टर्निंगचा जॉबच आहे, पितळेचा केलात तर मामासुद्धा मागून घेईल!

इंग्लंडमधल्या एव्हन नदीवरचे रिव्हरकीपर फ्रँक सॉयर (१९०६–१९८०) यांनी तर यापुढे जाऊन दोराच काढून टाकला. त्यांच्या फेझंट टेल निंफमध्ये दोऱ्याऐवजी तांब्याची बारीक तार आहे. तीच बांधते, तीच वजन देऊन माशी बुडवते आणि तीच अंगावर चमकते. एका भागाची तीन कामं. डिझाइन यालाच म्हणायचं.

पिसांबद्दल एक गोष्ट

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये सामनसाठी ज्या रंगीबेरंगी माशा बांधत, त्यांच्या गालावर 'जंगल कॉक'चं पीस असायचं. त्यावर मेणाचा थेंब पडावा तसा चकचकीत ठिपका असतो. हा जंगल कॉक म्हणजे दुसरा तिसरा कुणी नसून आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा! वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याची शिकार बंद आहे. परदेशात आता पाळलेल्या पक्ष्यांची किंवा छापील नकली पिसं वापरतात. तेव्हा ट्रेकला गेल्यावर कुणी असली पिसं विकायला आला तर घेऊ नका. चिकनवाल्याकडे पांढरी पिसं फुकट मिळतात, सरावाला ती पुरतात.

आणि शेवटी आपल्यासाठी

परदेशात मिळणाऱ्या स्वस्त किटमधली बरीच हत्यारं भारतात आणि पाकिस्तानात बनतात. तिथले जाणकार नवशिक्यांना सांगतात, 'ती घेऊ नका, जॉ मऊ असतात, गळ घसरतो.' हे मला लागलं. कारण यात न जमण्यासारखं काय आहे? कॉलेट आपण काढतो, कॅम आपण काढतो, हार्डनिंग आणि टेंपरिंग तर मटेरियल सायन्सच्या पेपरला हमखास येणारा प्रश्न. तापवायचं किती, विझवायचं कशात आणि पुन्हा किती तापवलं की कडकपणा राहून ठिसूळपणा जाईल, हे आपल्याला तोंडपाठ आहे. फरक फक्त एवढाच की उत्तर आपण पेपरवर लिहितो आणि तिथेच सोडून येतो. त्या स्वस्त व्हाइसला नेमकं हेच झालंय. आकार बरोबर, पॉलिश झकास, फक्त जॉला नीट उष्णतेचा संस्कार नाही.

फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय सापडत नसेल तर एक छोटा, खरोखर पकडणारा व्हाइस बनवून बघा. व्हायव्हाला परीक्षकांनी विचारलं, "हे कशासाठी?" तर बिनधास्त सांगा, "सर, माशा बांधण्यासाठी!" आणि मग गळ लावून टिचकी मारून दाखवा. 'टिंग' वाजलं की मार्क पक्के.